बिराजदार सरांचे तह

बिराजदार सरांच्या इतिहासात लढाई फार वेळ चालत नाही. शेजारच्या वर्गात मी बीजगणित शिकवत असते आणि मधल्या पातळ भिंतीतून त्यांचा आवाज येतो, "तर पोरांनो, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या, लई माणसं मेली, खलास. आता नीट बसा. आता तह." पोरं हिरमुसतात. तोफा, घोडे, तटावरून मारलेल्या उड्या यांची वाट बघत ती बसलेली असतात. सर सगळी लढाई एका दमात उरकतात आणि पुढं आठवडाभर दोन्ही राजांचे वकील तंबूत बसून बोलत राहतात. आधी तोंड कुणी उघडलं, रुसून कोण उठलं, त्याला हाताला धरून परत कुणी बसवलं, जेवायला काय होतं, सगळं येतं.

"युद्ध म्हंजे काय, बाई?" ते मला म्हणतात. "ज्याला बोलायला येत न्हाय त्यानं काढलेली पळवाट. त्यात शिकवण्यासारखं काय हाय?"

"सर, पण परीक्षेत लढाईवर प्रश्न येतो."

"येऊ द्या की. परीक्षा घेणाऱ्यालाबी बोलायला येत नसंल."

आमची शाळा लोहारा तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. सर आणि मी दोघंही लोहाऱ्यात एकाच गल्लीत राहतो आणि रोज एकाच जीपनं शाळेला जातो. त्यामुळे बिराजदार सर सकाळ-संध्याकाळ माझ्या वाट्याला आहेतच. मी पडले गणिताची. उत्तर एकच असतं आणि ते पुस्तकाच्या शेवटी दिलेलं असतं अशी मला सवय. सरांचं उत्तर दोन्ही बाजूंना विचारल्याशिवाय ठरतच नाही, आणि विचारायला गेलं की दोन्ही बाजू दुपारपर्यंत उठत नाहीत.

माणूस दिसायला साधा. बुटका बांधा, कपाळाला विभूती, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात कायम कागदात गुंडाळलेला गूळ. हा गूळ खायचा नव्हे, तहाचा. सरांच्या तहाचे नियम ठरलेले आहेत. तह तोंडी करायचा. साक्षीला माणसं पाहिजेत. घेणाऱ्यानं काहीतरी द्यायचं. आणि शेवटी दोघांनी एकाच खड्यातला गूळ खायचा. गूळ तोंडात पडेपर्यंत तह कच्चा. एकदा पडला की शब्द मागं घ्यायचा नाही. या गुळापायी शिक्षकांच्या खोलीत सरांच्या खुर्चीवर वर्षभर मुंग्या असतात. त्यांच्याशीही सरांचा काहीतरी करार झालेला असावा, कारण सरांना त्या चावत नाहीत. मला चावतात.

हे सगळं पुस्तकापुरतं असतं तर ठीक होतं. पण सरांच्या वर्गात छडी नाही, आणि भांडणं मात्र भरपूर. बाकावरून, पेनावरून, "ह्यानं माझ्याकडं बघितलं" यावरून. सर दोघांनाही पुढं बोलावतात आणि म्हणतात, "त्याची बाजू तू मांड. तुझी बाजू त्यो मांडंल." इथंच पोरांची गोची होते. एकदा आठवीतल्या दोघांचं बाकावर कुणी किती बसायचं यावरून जुंपलं. त्यातल्या एकानं दुसऱ्याची बाजू मांडायला सुरुवात केली ती अशी रंगत गेली की शेवटी तो स्वतःचीच बाजू विसरला. "सर, त्यो लई जाड हाय, त्याला तेवढ्या जागंत बसाया येत न्हाय, त्याला लई तरास हुतो," असं म्हणून त्यानं आपला निम्मा बाक देऊन टाकला आणि गूळ खाल्ल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला बसायला जागा नाही. पुढं तो बाकाच्या कडेवर एक पाय टेकून इतिहास शिकला. पण तह मोडला नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका पोरीला उभं केलं आणि विचारलं, "सांग बघू, ही लढाई कुणी जिंकली?"

पोरगी म्हणाली, "साहेब, ते ऱ्हाऊ द्या. नंतर जेवायला कोण कुठं बसलं ते इचारा."

आमच्या मुख्याध्यापकांना घाम फुटला. सर मागं उभे राहून असे हसत होते की जणू पोरगी जिल्ह्यात पहिली आली. साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं आणि नागरिकशास्त्र तरी नीट शिकवता का म्हणून विचारलं. सर म्हणाले, "साहेब, संविधान म्हंजे काय? आपण समद्यांनी मिळून केलेला तहच की. फक्त त्यात रोज नव्यानं गूळ खावा लागतो." जाताना साहेब गुळाचा खडा घेऊन गेले.

मीसुद्धा सरांच्या तावडीतून सुटलेली नाही. आमच्या खोलीत पंखा एकच. तो लावला की हिंदीच्या सरांच्या उत्तरपत्रिका उडतात, आणि बंद केला की माझा जीव कासावीस होतो. यावरून आमच्यात रोज कुरबुर चालायची. बिराजदार सर मध्ये पडले. अर्धा तास मी हिंदीच्या सरांची बाजू मांडली, त्यांनी माझी. शेवटी गूळ खाल्ला आणि बाहेर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की पंखा मिळाला, पण खिडकीजवळची माझी खुर्ची गेली. गणिताच्या बाईला बेरीज-वजाबाकी अशी उशिरा कळावी याचं मला आजही वाईट वाटतं.

जीपमध्ये तर सर फार्मात येतात. एकदा कडेच्या जागेवरून एक म्हातारबा आणि एक बाई इतके हातघाईवर आले की ड्रायव्हरनं जीप थांबवली. सर म्हणाले, "चालू द्या गाडी. भांडायलेत म्हंजे अजून बोलायलेत. बोलायलेत तवर काळजी न्हाय." मग त्यांनी त्या दोघांना एकमेकांचं गाव विचारायला लावलं, मग घर, मग घरातली माणसं. गाव यायच्या आत असं निघालं की म्हातारबांची भाची बाईच्या दिराला दिलेली. दोघं एकमेकांच्या पाया पडायला लागले आणि कडेची जागा रिकामीच राहिली. तिथं शेवटी मी बसले. बिराजदार सरांमुळे झालेला माझा आजवरचा फायदा तेवढाच.

या सरांना एकच मुलगी, महादेवी. ती लहान असतानाच सरांची बायको गेली. दुसरं लग्न करा म्हणून पुष्कळांनी सांगितलं, पण त्या बाबतीत सर वाटाघाटीला बसलेच नाहीत. मुलगी हुशार, बापासारखीच बोलकी, पण बापासारखी आडवळणाची नाही. बी.ए.ला इतिहास घेतला आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एड. करते. शेवटचं वर्ष आहे. तिला इतिहासाचीच शिक्षिका व्हायचंय.

आणि गेल्या हिवाळ्यात तिला वाशीचं स्थळ आलं. वाशी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. लोहाऱ्याहून निघालं की एसटी बदलत बदलत जायचं. घर चांगलं, खव्याची भट्टी, मुलगा शिकलेला. महादेवीला मुलगा पसंत पडला आणि मुलाला महादेवी. राहिली फक्त लग्नाची बैठक. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसणार, कसं करायचं, कधी करायचं, कुणी काय बघायचं ते ठरवणार.

शाळेत ही बातमी पोचली तेव्हा सगळ्यांनाच उत्सुकता. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे तह केले तो आता स्वतःच्या तहाला बसणार! मुख्याध्यापकसुद्धा म्हणाले, "बघा हं सर, समोरच्यांची भट्टी लिहून घ्याल."

सर मात्र गंभीर होते. बैठकीच्या आदल्या दिवशी जीपमध्ये ते मला हळूच म्हणाले, "बाई, माझ्याकडून वकील म्हणून तुमी बसायचं. मला एकच कलम पायजे. पोरीचं बी.एड. पुरं होऊन परीक्षा झाल्याबिगर लग्न न्हाय. बाकी कायबी जाऊ द्या."

"मग तेच आधी सांगा ना."

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी आलेय. "आपल्याला जो किल्ला पायजे त्यो आधी मागत असतेत व्हय? मागितला की समोरच्याला त्याची किंमत कळती. आधी नको असलेले किल्ले मागायचे. त्यो न्हाय म्हणंल. आपण नाराज व्हायचं, मग मोठ्या मनानं सोडायचे. आणि उठताना सहज म्हणायचं, बरं, तेवढी परीक्षा हू द्या."

मला हे पटलं नव्हतं. पण वकिलाला कुणी विचारत नाही.

रविवारी सकाळी वाशीची माणसं आली. मुलाचे वडील विश्वनाथअप्पा, मुलाची आई आणि घरातली दोनचार माणसं. सोबत पेढ्यांचा मोठा डबा. विश्वनाथअप्पा म्हणजे उंच, आडदांड, मोकळ्या मनाचा माणूस. भट्टीपाशी उभं राहून राहून आवाज मोठा झालेला. आमच्याकडून सर, मी आणि साक्षीला गल्लीतले दोन वयस्कर. महादेवी आत चहाचं बघत होती. देण्याघेण्याचा विषय विश्वनाथअप्पांनी बसतानाच मिटवला. "आमाला कायबी नको. पोरगी द्या, बास."

इथंच सरांची पहिली पंचाईत झाली. पण ते डगमगले नाहीत. घसा साफ करून त्यांनी पहिला किल्ला मागितला. "लगीन आमच्या दारात हुईल."

"व्हय की. मुलीच्याच दारात असतंय."

"डीजे लावायचा न्हाय."

"न्हाय लावत. माझंबी कान दुखतेत."

सर थोडे चमकले. त्यांनी शर्टाचं बटण चाचपलं. "नवरदेव घोड्यावर येणार न्हाय. चालत यील."

"यील की. पाय हायतेत त्याला."

मी सरांकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तहाला समोरून नकार लागतो. नकाराशिवाय माघार कशी घ्यायची? आणि समोरच्या माणसाकडं तर नकाराचा ठणठणाट. सर अक्षरशः विनवायला लागले. "अप्पा, असं लगेच हो म्हणू नका. जरा इचार करा. घरच्यांना इचारा."

"काय इचारायचं? तुमी मास्तर माणूस. तुमी सांगताव ते चांगलंच असणार. मंजूर."

मग सरांनी काहीही मागायला सुरुवात केली. वऱ्हाड दुपारच्या आत यावं. मंजूर. पंगतीला टेबलखुर्ची नको, जमिनीवरच पानं मांडायची. मंजूर. भाषणं करायची नाहीत. हे तर विश्वनाथअप्पांनी दोनदा मंजूर केलं. मी कोपरानं सरांना ढोसत होते, की आता तरी परीक्षेचं बोला. पण सरांच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू होता. इतकं घेतलं आणि काहीच दिलं नाही? घेणाऱ्यानं द्यायचं, हा तर त्यांचाच नियम. सर अवघडून गेले, एवढ्या मोठ्या मनाच्या माणसासमोर आपण हावरट ठरतोय म्हणून. आणि भारावून जाऊन त्यांनी छातीवर हात ठेवला. "अप्पा, तुमी समदं दिलंव. आता आमीबी द्यायला पायजे. लग्नाची तारीख तुमची."

विश्वनाथअप्पा खूश झाले. "मग ह्याच उन्हाळ्यात उरकू. परीक्षेबिरीक्षेच्या आदी."

सगळे माना हलवायला लागले. सर मात्र आहे तसे बसून राहिले. तोंड उघडं, हात छातीवर. जो एक किल्ला राखायचा होता तोच त्यांनी स्वतःच्या हातानं देऊन टाकला होता, आणि तोही कुणी मागितला नसताना. मी कानाशी लागून म्हटलं, "सर, सांगा आता." ते पुटपुटले, "कसं सांगू, बाई? दिलंय मी." मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की कोणतं आधी करावं ते कळेना. इकडं मुलाची आई पेढ्यांचा डबा उघडत होती.

तेवढ्यात महादेवी चहा घेऊन बाहेर आली. ट्रे खाली ठेवला, पदर सावरला आणि बापाकडं बघून म्हणाली, "बाबा, गूळ कुठं वाटलाय अजून?"

"आँ?"

"गूळ तोंडात पडंपर्यंत तह कच्चा. तुमीच म्हणताव." मग ती विश्वनाथअप्पांकडं वळली. "मामा, माझं शेवटचं वरीस हाय. परीक्षा दिल्याबिगर मला लगीन करायचं न्हाय. आणि नंतर शाळंत शिकवायचं हाय. हे मला पयल्यांदाच सांगायला पायजे हुतं. बाबांना किल्ले मागायची हौस, म्हणून ऱ्हायलं."

विश्वनाथअप्पा हातातला कप तसाच धरून हसायला लागले. खव्याच्या भट्टीवर हसतात तसे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे. "आगं मग हे आदी सांगायचं! सर मघापासून घोडा, डीजे, टेबलखुर्ची, शिक्षानाचं नावच न्हाय, आमाला वाटलं पोरीला शाळा नको झालीय, म्हणून म्या लवकरची तारीख धरली. तुझं शिक्षान बघूनच तर आलाव आमी."

मुलाची आई म्हणाली, "आमच्या घरात भट्टीपाशी बसणारे लई हायतेत. फळ्यापाशी उभं ऱ्हाणारं कुणी न्हाय. परीक्षा दे, पोरी. त्याच्यानंतरची तारीख धरू. आणि मास्तर, नवरदेव चालत यायचं तेवढं जरा बघा. उन्हात काळा पडंल."

सरांनी मोठ्या मनानं घोडा मंजूर केला. दिवसभरात त्यांना सोडता आलेलं कलम तेवढंच. मग खिशातून गूळ निघाला, गुळावर वाशीचा पेढा ठेवला गेला, सुपारी फुटली आणि सगळ्यांनी तोंड गोड केलं. मी तर दोनदा केलं. तह पक्का झाला. महादेवीच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते बघून मला वाटलं, सरांनी आयुष्यभर काय शिकवलं ते निदान एकीला तरी नीट कळलंय.

जेवणखाण होऊन पाहुणे जाईपर्यंत उन्हं कलली. सर त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. मी भांडी आवरू लागायला मागं थांबले. सर परत आले ते गुणगुणतच. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि सातवीचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले. महादेवी भाकरीचं पीठ मळत होती. गॅसच्या ओट्यापासून थोडं अंतर सोडून त्यांनी पाट मांडला आणि त्यावर बसले.

"हे काय, सर?" मी विचारलं.

उत्तर महादेवीनं दिलं. "रोजचं हाय, बाई. आई गेली तवापासनं. उद्याचा धडा बाबा आधी मला शिकवतेत. मी जिल्ह्याला असले तर फोनवर, पण शनिवार-रविवारी इथंच. मला जिथं जांभई आली तिथं ते कमी करतेत, आणि मी जिथं इचारलं तिथं वाढवतेत. मग दुसऱ्या दिवशी शाळंत."

इतकी वर्षं त्या पातळ भिंतीतून मी जे ऐकत आले होते ते सगळं आधी या ओट्यापाशी झालेलं होतं. या पोरीनं आधी ऐकलं, मग आमच्या शाळेनं. आणि आता परीक्षेनंतर ही वाशीला जाणार. फोन करता येईल, करेलही. पण नव्या घरात रोज संध्याकाळी भाकरीच्या वेळेला सुनेनं फोनवर बापाचा धडा ऐकत बसायचं कसं, आणि बापानं तरी ते मागायचं कसं, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. आज सकाळी त्यांनी इतकं काय काय मागितलं होतं, त्यात हे नव्हतं. मी तोंड फिरवून कपबशा पुसत राहिले.

सरांनी चष्मा लावला, पान काढलं, मग बोट ठेवून पुढची पानंही चाळली.

"महादेवी, आज दोन धडे घेऊ."

"उद्या एका तासाला दोन धडे हुत्यात का, बाबा?"

"न्हाय हुत," सर म्हणाले. "पण घेऊ."

तिनं पिठाचा हात तसाच थांबवला. क्षणभर बापाकडं बघितलं. मग गोळा काढला, परातीत पीठ पसरलं, भाकरी थापायला घेतली आणि म्हणाली, "घ्या की. मी ऐकायलेय."